पहिला घास किती वाजता

॥ श्री ॥
अल्फारेटा, जॉर्जिया, २२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सरलामावशीस,
कांचनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिळाच्या वड्या पोचल्या. वड्या गिरीशने गाडीतच निम्म्या संपवल्या. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू फोनवर बहिष्कार टाकलास, त्याला आता वर्ष होईल. गिरीश म्हणतो, सगळ्या अल्फारेटात हाताने पत्र लिहून पोस्टाच्या निळ्या डब्यात टाकणारी मी एकटीच असेन. असेन तर असेन. आई गेल्यापासून माझ्या अक्षराला नावं ठेवणारं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

मोठी बातमी म्हणजे माझा कागद मंजूर झाला. मी आहारतज्ज्ञ म्हणून ज्या क्लिनिकमध्ये जाते ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, हे तुला माहीत आहे. तिथे येणारे निम्मे लोक इथिओपिया, काँगो, नायजेरियातून आलेले, आणि उरलेली बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या जॉर्जियातच राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबं. मधुमेह सगळ्यांकडे. भाजीचं जवळचं दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली. एवढ्या सगळ्यांच्या हातात आजवर एकच छापील कागद पडायचा, की ब्राउन ब्रेड खा, किन्वा खा आणि तुमचं नेहमीचं खाणं बंद करा. लोक मान डोलवायचे आणि कागद पार्किंगमधल्या डब्यात टाकून घरी जायचे. पुन्हा साखर वाढली की दोष त्यांचाच. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या ताटाचा कागद द्या, म्हणून मी नऊ वर्षं भांडते आहे. आमचे डायरेक्टर डॉ. हॉलोवे माणूस चांगला, पण कायम घाईत. अखेर या महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी हो म्हटलं. एप्रिलमध्ये काउंटीची आरोग्य समिती बसेल आणि हे कागद सगळ्या क्लिनिकमध्ये वापरायचे की नाही ते ठरवेल.

इथिओपियन लोकांचा पंचावन्न दिवसांचा उपवास सोमवारपासून लागतो, म्हणून पहिला कागद त्यांचा काढला. उपवासाचा भाग मी कोणाला न विचारता एका बैठकीत लिहिला. म्हटलं, नागपूरच्या मुलीला उपवास कोणी शिकवायचा? एका कंपनीकडून त्याचं त्यांच्या भाषेत भाषांतर करून घेतलं. पहिला कागद वर्कनेशबाईंना दिला. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चौदा वर्षं चादरी धुतात. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मावशी, मला रडूच आलं.

सोबत इंग्रजी कागद ठेवला आहे. तू आणि काका आठ वर्षं इथिओपियात होता. काही राहिलं असेल तर सांग.

लोभ आहेच, तो वड्यांच्या रूपाने वरचेवर दिसावा ही विनंती.

तुझी,
कांचन


॥ श्री ॥
कॅरी, ३ मार्च २०२५

चि. सौ. कांचन हिस,
सरलामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं, वाचून ऊर भरून आला. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या बुधवारी झालं. राजीवने दोन दिवस सुट्टी काढली, प्रीताने थेंब घालायचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. मुलगा-सून दोघंही फार करतात. तुझं पत्र वाचता आलं कारण तुझं अक्षर अजून भोपळ्याएवढं आहे. छापील कागद मात्र मुंग्यांची रांग दिसतो. तो नवा चष्मा आला की वाचीन.

तू इथिओपियाची आठवण काढलीस आणि माझं चित्त दोन दिवस आमच्या देस्से गावातच आहे. एकोणसत्तर साली तुझ्या काकांना तिथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. डोंगरातलं गाव, पत्र्याची छपरं, निलगिरीच्या पाल्याचा वास आणि थंडी अशी की सकाळी तेल गोठायचं. मी पहिले पंधरा दिवस नुसती रडत होते. शेजारी एमेबेत राहायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, उंच, हसरी. तिची भाषा मला येईना, माझी तिला. ती तिच्या आंबोळीसारख्या इंजेरा कुंपणावरून द्यायची, मी पोळ्या द्यायची.

एका शुक्रवारी तिने खुणेने सांगितलं की आज उपवास. मला कोण आनंद झाला. परक्या मुलखात उपवास करणारं माणूस भेटलं. मी लगेच केळ्याचं शिकरण केलं, चांगलं घट्ट दूध घालून, आणि वाटी घेऊन गेले. तिने दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, मला तीनदा वाकून नमस्कार केला. पुढे दर शुक्रवारी मी शिकरण नेऊ लागले. चार महिन्यांनी कळलं की त्यांच्या उपवासाला दूध, दही, तूप काही चालत नाही. आणि डाळ, धान्य, जे आपल्याला वर्ज्य, ते चालतं. तेही दुपारी तीनच्या आधी नाही. तोवर पाणीसुद्धा नाही. माझं शिकरण ती पलीकडच्या मुलांना वाटायची. नको म्हणून ती एकदाही म्हणाली नाही. प्रेमाने आणलेलं परत कसं करायचं?

तुझ्या कागदात हे सगळं असेलच. तू काही तुझ्या मावशीसारखी अडाणी नाहीस.

गिरीशरावांना नमस्कार, रुचाला गोड पापा. आम्हा म्हाताऱ्यांवर माया ठेव, तेवढीच मागणी.

तुझी,
मावशी


॥ श्री ॥
अल्फारेटा, १३ मार्च २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते दारात उभी राहूनच वाचायला लागले. शिकरणापाशी आले आणि तशीच आत जाऊन माझा कागद शोधून काढला.

मावशी, आदल्याच दिवशी, शुक्रवारी, वर्कनेशबाई चर्चमध्ये चक्कर येऊन पडल्या. साखर अठ्ठेचाळीसवर आली होती. त्यांची मुलगी हिरुत सोबत होती, तिने अँब्युलन्स बोलावली. एक रात्र हॉस्पिटलमध्ये काढून त्या घरी आल्या. आता बऱ्या आहेत, पण कपाळाला चार टाके पडले.

माझ्या कागदात काय होतं ते तुला आता सांगते. उपवासाच्या दिवशी सकाळी आठला ग्लासभर दूध घ्या आणि त्यासोबत मधुमेहाची गोळी. दुपारी दही, फळं, उकडलेलं रताळं. डाळ-धान्य टाळा. मी आपल्या चतुर्थी-एकादशीचा कागद लिहून त्यांच्या हातात दिला होता. नऊ वर्षं ज्याच्या त्याच्या ताटाचा घोष केला आणि शेवटी ताट माझंच वाढलं. त्यांनी दूध घेतलं नाही, पण मी सांगितलं म्हणून गोळी मात्र नेमाने आठला, घोटभर पाण्याबरोबर. मोडला तेवढाच नेम त्यांनी माझ्यासाठी मोडला. मग तीनपर्यंत उपाशी, आणि तेही चर्चमध्ये उभ्याने.

नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, ती मी. भाषांतर करणाऱ्या कंपनीचा काही दोष नाही, त्यांनी माझं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवलं. दोष माझा, मी कोणाला विचारलंच नाही.

डॉ. हॉलोवे एक शब्दही जोरात बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. त्यांचं म्हणणं एवढंच की सगळ्यांना एक छापील कागद देणं निदान सुरक्षित असतं. मी म्हटलं की त्या कागदात तर उपवासाबद्दल चकार शब्द नाही, नुसतं जेवण चुकवू नका असं लिहिलंय, मग लोक न सांगता उपास करतात आणि असेच पडतात, फक्त आपल्याला कळत नाही. ते म्हणाले की समितीपुढे हे कोण ऐकेल? दुधाने तोंड पोळलेले लोक आता ताकही फुंकून पिणार. ते खरंच आहे. अकरा इथिओपियन कुटुंबांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या. वर्कनेशबाईंना मी पाच वेळा फोन केला, त्या उचलत नाहीत.

मी समितीपुढे बोलणार नाही असं ठरवलं आहे. कागदही मागे घेते. माझ्यामुळे एका बाईचा जीव जात होता, आता मी कोणत्या तोंडाने हक्काच्या गोष्टी करू? रुचा इंग्रजीत म्हणाली की आई, तू त्यांना सॉरी तरी म्हणालीस का? मी म्हटलं की फोनच उचलत नाहीत. ती खांदे उडवून तिच्या खोलीत गेली.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
कांचन


॥ श्री ॥
कॅरी, २० मार्च २०२५

चि. सौ. कांचन हिस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. सोमवारी लिहायला बसले होते, पण संकष्टी होती, जरा गरगरलं म्हणून आडवी झाले. मग नवा चष्मा आला आणि तुझा छापील कागद आधी वाचून काढला. वाचून मी कपाळावर हात मारला, आणि मग मला हसू आलं, कारण ते माझंच शिकरण होतं.

आता नीट ऐक. पाच वेळा फोन केलास यात काय मोठं केलंस? फोन उचलला नाही हा बहाणा तुला सोयीचा आहे. रुचा लहान आहे पण तिने नेमकं बोट ठेवलं. त्या बाईच्या घरी जा. जाताना हिरव्या कच्च्या कॉफीच्या बिया घेऊन जा, भाजलेल्या नव्हेत, बिया त्याच भाजतील. दुपारी तीननंतर जा. कॉफीचे तीन कप होतात. पहिल्या कपानंतर उठू नकोस, दुसऱ्यानंतर तर मुळीच नाही. माफी पहिल्याच कपाला मागू नकोस, बसल्या बसल्या कामाचं बोलणं तिकडे असभ्य धरतात. तिसऱ्या कपाला माणूस मनातलं बोलतं. आणि तू बोलू नकोस, विचार.

मी तेच केलं होतं. शिकरणाचं कळल्यावर मला आठ दिवस तोंड दाखवायला लाज वाटली. मग गेले आणि तोडक्यामोडक्या भाषेत विचारलं की तुझा उपवास कसा असतो ते मला दाखव. एमेबेत इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या शुक्रवारी तीन वाजता तिने मला कुंपणावरून हाक मारली आणि हरभऱ्याच्या पिठाचं त्यांचं ते लाल तिखट पिठलं मला वाढलं. पुढे आठ वर्षं दर शुक्रवारी तीनला ती हाक ठरलेली होती. आणि माझ्या चतुर्थीला ती माझ्याकडे यायची. साडेनवाला ओसरीवर शाल पांघरून आम्ही दोघी चंद्राची वाट बघायचो. डोंगराआडून चंद्र वर आला की माझ्याआधी तिलाच दिसायचा आणि ती टाळी वाजवायची. मग माझ्याच ताटात ती जेवायची. तिथे राज्य बदललं, आम्ही सत्त्याहत्तर साली निघालो, पत्रं दोन-तीन आली आणि मग थांबली. आज ती आहे की नाही तेही ठाऊक नाही. इतक्या वर्षांत उपास सोडताना तिची आठवण आली नाही असं एकदाही झालं नाही.

कागद मागे घेऊ नकोस. चूक केलीस ती दुरुस्त कर. तू हटलीस तर तो सगळ्यांना एकच असलेला जुना कागद जिंकेल आणि सगळ्या वर्कनेश न सांगता पडत राहतील. वर्कनेश म्हणजे तू सोनं आहेस, असं एमेबेत सांगायची, तिच्या बहिणीचं नाव तेच होतं. तू कांचन. तेव्हा सोन्याने सोन्याकडे जायला एवढं काय भ्यायचं?

तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून कान धरला. जीव आहे तसाच राहील.

तुझी,
मावशी


॥ श्री ॥
अल्फारेटा, २७ एप्रिल २०२५

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझी क्षमा मागते, महिनाभर चार ओळींची कार्डं टाकली. आता सगळं सविस्तर.

पाच एप्रिलच्या शनिवारी मी हिरव्या बिया घेऊन गेले. दार हिरुतने उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला. पण आतून वर्कनेशबाईंनी विचारलं असावं की कोण आहे, आणि मग मला आत यायला सांगितलं. कपाळावरची खूण अजून लाल होती. त्यांनी बिया हातात घेऊन वास घेतला आणि कढई चढवली. पहिला कप झाला. मी त्यांच्या गावाबद्दल विचारलं. दुसरा झाला. त्यांनी माझ्या आईबद्दल विचारलं. मी तुझ्याबद्दल सांगितलं, देस्सेबद्दल, एमेबेतबद्दल, आणि शिकरणाचं सांगितल्यावर हिरुतला भाषांतर करता करता हसू आवरेना. मावशी, तो कप होईपर्यंत त्या घरात सगळ्या हसत होत्या.

तिसऱ्या कपाला त्याच बोलल्या. मी एवढ्या मायेने कागद दिला होता, तर त्यात चुकलंय असं कसं म्हणायचं, असं त्यांना वाटलं. फोन उचलला नाही तो रागाने नव्हे. माझ्या कागदाचं नाव आपल्यामुळे खराब झालं, म्हणून त्यांना लाज वाटत होती. त्यांनाच. मग मी माफी मागितली आणि तू सांगितलंस तसं विचारलं की उपवासाच्या दिवशी पहिला घास किती वाजता घेता? त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या की चौदा वर्षांत या देशात इतक्या जणांनी माझं रक्त काढलं, हे कोणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी नवा कागद केला. पहिल्या पानावर सल्ला एकही नाही, नुसते प्रश्न. पहिला घास किती वाजता, गोळी किती वाजता, काय चालतं, काय चालत नाही, उपास सोडताना सोबत कोण असतं. उत्तरं आली की मगच डॉक्टर गोळीची वेळ ठरवणार. बाईंची गोळी आता उपासाच्या दिवशी जेवणासोबत असते. त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंनी आजारी माणसाला उपासाची सूट आहे असं सांगितलं, पण बाईंना सूट नको होती, त्यांना उपास हवा होता. मला ते पटकन समजलं. आपल्या घरात वाढलेल्या कोणालाही समजेल.

गेल्या गुरुवारी समिती बसली. मला तीन मिनिटं होती. मी पहिल्या मिनिटात माझी चूक सांगितली, सगळी, दुधासकट. डॉ. हॉलोवेंनी डोळे मिटून घेतले. मग मागून वर्कनेशबाई उठल्या. पांढऱ्या शाली पांघरलेल्या अकरा बायका सोबत आल्या होत्या. हिरुत भाषांतर करत होती. बाईंनी कपाळाची खूण दाखवली आणि सांगितलं की जुना कागद मी कधीच पाळला नाही, म्हणून तो चुकीचा आहे हे तुम्हाला कधी कळलं नाही. हिचा मी पाळला, म्हणून कळलं आणि दुरुस्त झाला. त्यांच्यानंतर जॉर्जियातलेच एक आजोबा उठले आणि त्यांनी विचारलं की आमच्या आजीच्या पाल्याच्या भाजीचा कागद कधी निघणार? समितीने वर्षभरासाठी मंजुरी दिली, प्रश्नांचं पान सक्तीचं करून.

हे सगळं झाल्यावर काल तुझी पत्रं पुन्हा काढली, आनंदाने वाचायला म्हणून. वीस मार्चच्या पत्रात सुरुवातीलाच तू लिहिलं आहेस की संकष्टी होती, जरा गरगरलं, आडवी झाले. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते. मावशी, तुलाही मधुमेह आहे. तुलाही सकाळची गोळी आहे. वीस वर्षं मी या व्यवसायात आहे आणि तुला कधी विचारलं नाही.

सोबत तोच कागद मराठीत आहे, रुचाने मोठ्या अक्षरात टाइप केला आहे. कृपा करून खरं खरं भर. माझं मन राखायला काही लिहू नकोस.

तुझ्या लोभावरच उभी आहे.

तुझी,
कांचन


॥ श्री ॥
कॅरी, ४ मे २०२५

चि. सौ. कांचन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र राजीवला मोठ्याने वाचून दाखवलं. समितीच्या भागाला त्याने टाळ्या वाजवल्या. शेवटचा भाग मी वाचला नाही. रुचाला सांग, वेलांट्या दोन चुकल्या आहेत पण आजी खूश आहे. त्या वर्कनेशबाईंना माझा नमस्कार कळव. अकरा बायका घेऊन आली म्हणतेस, एमेबेतच्या गावची शोभते.

तुझा कागद चार दिवस देवापाशी ठेवला होता. आधी वाटलं की काहीतरी लिहून टाकावं, म्हणजे तुझं समाधान होईल. मग लक्षात आलं की हेच एमेबेतने केलं, हेच त्या बाईने केलं, आणि मी त्यावर तुला भाषण दिलं. तेव्हा उत्तरं इथेच लिहिते.

गोळी किती वाजता? सकाळी आठ. डब्यावर तसं लिहिलं आहे.

काय चालतं, काय नाही? चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेत नाही. चहासुद्धा नाही. तुझ्या काकांच्या आजारपणात नवस बोलले होते, तो अजून चालू आहे.

पहिला घास किती वाजता? देस्सेला चंद्र साडेनवाला यायचा. इथे मार्चपासून घड्याळ तासभर पुढे करतात, चंद्राला त्याचं काही नाही. मार्चमध्ये अकरा वाजले. एप्रिलमध्ये बाराला दहा कमी होते. गरगरतं ते संध्याकाळी पाचपासून. एकदा मोरीत पडले, पण लागलं नाही. राजीव-प्रीताला काही बोलू नकोस. ते रोज विचारतात की जेवलीस का, मी हो म्हणते. केव्हा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

उपास सोडताना सोबत कोण असतं? घर मोठं आहे, सगळ्यांना सकाळी ऑफिस असतं, तोवर सगळे झोपलेले असतात. मी मागच्या दाराशी खुर्ची ठेवून बसते. एमेबेतनंतर कोणी नाही.

गोळीची वेळ तू डॉक्टरांशी बोलून बदल, मी ऐकेन. तीनला थोडं खाऊन घे म्हणालीस तरी ऐकेन, गणपती समजून घेईल. पण शेवटच्या प्रश्नाला तुझ्या कागदात काही औषध आहे का, ते सांग. सोळा तारखेला, शुक्रवारी, संकष्टी आहे. सहा तासांची वाट आहे हे मला ठाऊक आहे. त्या बाईंना यावंसं वाटलं तर त्यांनाही आण, हिरव्या बिया मी मागवून ठेवते. माझी दृष्टी आता फार लांबचं धरत नाही. चंद्र वर आला की मला सांगायला कोणीतरी हवं आहे.

लोभ मागत नाही, तो तुझ्यापाशी आहेच. तू ये.

तुझी,
मावशी